बर्फाने उघडीप दिली तेव्हा

काल सकाळी बर्फ थांबला. तीन दिवस नुसता पडत होता. आवाज नाही, काही नाही. आमच्याकडचा पाऊस पत्र्यावर वाजतो, कौलांतून गळतो, ओढ्यातून ओरडत जातो. तो आल्याचं आंधळ्यालाही कळतं. बर्फ गुपचूप वाढतो. झोपताना खिडकीच्या खाली असतो, उठावं तर खिडकी गेलेली. आणि मग अचानक ऊन पडतं. डोळे उघडवत नाहीत असं ऊन. देवदार पांढऱ्या ओझ्याने वाकलेले, आभाळ धुतल्यासारखं, आणि समोर पायाचा एकही ठसा नसलेला मोठा उतार.

अशा सकाळी हॉटेलातले पाहुणे लवकर उठतात. जाड कपडे घालून, हातमोजे चढवून, घसरायच्या लांब पट्ट्या खांद्यावर घेऊन पायथ्याशी येऊन उभे राहतात. पायथ्याला एक फळा आहे. बर्फ किती पडला, वारा किती आहे आणि उतार उघडा की बंद, हे त्यावर रोज मी लिहितो. नववीत शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात देवाने पुन्हा खडू दिला, ही त्याची कृपाच म्हणायची. काल लिहिलं, बंद. आज लिहिलं, बंद. उद्याही बहुतेक तेच लिहीन.

"अहो, पण आता तर ऊन पडलंय!" पुण्याचे एक गृहस्थ सकाळी म्हणाले. मी मराठी बोलतो हे कळल्यापासून ते माझ्याशी जास्त हक्काने भांडतात. "आम्ही परवा निघणार. आता नाही तर कधी घसरायचं आम्ही?"

"ऊन पडलंय म्हणूनच बंद आहे, साहेब," मी म्हटलं.

त्यांना ते उलट उत्तर वाटलं. दर वर्षी मोठा बर्फ थांबून पहिलं ऊन पडलं की मी फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. तीन वर्षं झाली. उताराच्या एका कोपऱ्याकडे मी बघत नाही.

मी मुरबाडकडचा, वैशाखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. ओट्यावर उभं राहिलं की माळशेजचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात मुंबईची माणसं घाटात भिजायला येतात, त्यांच्यासाठी रस्त्यावर झालेल्या एका हॉटेलात मी भांडी घासायला लागलो. तिथल्या आचाऱ्याने मला इकडे, मनालीच्या वर आणलं. मराठी माणूस बर्फ बघायला आला तरी जेवायला त्याला पिठलं-भाकरी लागते, आणि मला तांदळाची भाकरी थापता येत होती. आचारी हंगाम संपल्यावर गेला. मी राहिलो, कारण प्रेमसिंगने ठेवून घेतलं.

प्रेमसिंग म्हणजे उताराचा राखणदार. साठीचा माणूस, चेहरा उन्हाने भाजून अक्रोडासारखा झालेला. उतार कधी उघडायचा हे तो ठरवतो. हॉटेलचा मालकसुद्धा त्याच्यापुढे बोलत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी बनियनवर स्वेटर आणि स्वेटरवर रेनकोट घालून हिंडत होतो. त्याने आपला लोकरीचा कोट माझ्या अंगावर टाकला. तो कोट अजून माझ्याकडे आहे. त्याचे उपकार मोजायला बसलो तर माझी नववीपर्यंतची शाळा पुरणार नाही.

त्यानेच मला बर्फ शिकवला. बर्फ थांबला की तो वर जातो आणि कमरेएवढा खड्डा खणतो. मग हातमोजा काढून खड्ड्याच्या भिंतीवरून वरून खाली बोटं फिरवतो. वर मऊ थर, खाली घट्ट थर, आणि कधी कधी मधे जाड्या साखरेसारखे सुटे दाणे. ते दाणे सापडले की त्याचा चेहरा उतरतो. नवा बर्फ जुन्यावर बसलेला असतो, पण अजून चिकटलेला नसतो. त्याला खाली दबायला, धरून राहायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढे दिवस माणसाने काही करायचं नसतं. "बरफ को टाइम दो," तो म्हणायचा. आणि दुसरी गोष्ट, पायथ्याला हात लावायचा नाही. पायथ्याच्या आधारानेच वरचं सगळं उभं असतं.

काही करायचं नसतं, हे मला सगळ्यात अवघड गेलं. आमच्याकडे उघडीप म्हणजे धावपळ. आषाढात पावसाने दोन तास उघडीप दिली तर त्या दोन तासांत राबातली, म्हणजे दाट पेरून उगवलेली भाताची रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, पाणी भरलेल्या खाचरात लावायला न्यायच्या, बांध बघायचे. उघडिपीत घरात बसलेल्या माणसाला आमच्याकडे आजारी समजतात, नाहीतर आळशी. रात्रभर पाऊस पडून खाचर तुडुंब भरलं असेल तर आधी बांधाकडे पळायचं. बांध फुगलेला असतो. वेळेवर खालून तोंड काढून पाणी सोडलं नाही तर तो फुटतो, आणि आपल्या मातीसह खालच्या चार जणांची भाताची लावणीही घेऊन जातो.

या कामात आमच्या तीन गावांत बाळूदादाचा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्या चुलत्याचा थोरला मुलगा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तो अनवाणी बांधावर उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि तळपायाने बांध ऐकायचा. मग चार पावलं सरकून म्हणायचा, "हितं." फावड्याचे तीन घाव, वीतभर तोंड, की पाणी शहाण्यासारखं निघून जायचं. ढेकूळही सुटायचं नाही. लोक त्याला भर पावसातून बोलवायला यायचे. जेवता जेवता उठायचा तो.

त्याला इकडे मी आणलं.

भात झोडून झालं की आमच्याकडे हाताला काम नसतं. वैनीचं माहेर शहापूरचं, तिचा भाऊ वाशिंदच्या एका कारखान्यात आहे. तो दादाला तिथे लावून देणार होता. मी फोनवर म्हटलं, "कशाला त्या धुरात? चार महिने हिकडं ये. बर्फ बघशील." वैनीने फोन हिसकावून घेतला. "भावजी, बर्फ बघून काय प्वाट भरतं काय? गोला खायाचा तं मुरबाडच्या जत्रंत मिलतो." दादा मागून हसत होता. तो आला. कसारा घाट चढून गाडी नाशिककडे लागली तेव्हा त्याने मला फोन केला होता, "विष्ण्या, आपला मुलुख संपला रे." मुलुख संपल्यावर माणसाला आलेली अक्कलही मागे राहते, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

सहा आठवडे तो इथे होता आणि सहा आठवडे त्याला कशातच गती मिळाली नाही. बर्फावर घसरून पडायचा. हिंदी बोलायला लागला की इथली पोरं तोंड फिरवून हसायची. मी दिलेले लोकरीचे बूट त्याला चावायचे म्हणून मुरबाडच्या बाजारातले रबरी बूट घालून हिंडायचा. बांध ऐकणारा माणूस इथे पाहुण्यांचे ओले मोजे वाळत घालत होता. रोज संध्याकाळी विचारायचा, "कवा संपतो ह्यांचा हंगाम?"

मग तो मोठा बर्फ आला आणि चौथ्या सकाळी ऊन पडलं. प्रेमसिंग आपली दोन माणसं घेऊन खड्डा खणायला वर गेला. जाताना मला म्हणाला, आम्ही येईपर्यंत कशाला हात लावू नका. पायथ्याला आमची बूट-पट्ट्या ठेवायची शेड होती, तिची मागची भिंत उताराला लागून. शेड निम्मी बुजली होती. दादा बाहेर आला, वर बघितलं आणि थबकला. उताराच्या त्या कोपऱ्यात बर्फ पोटासारखा पुढे आला होता.

"आरं विष्ण्या, ह्यो बघ, फुगलाय! पानी भरल्याव बांध फुगतो तसा. खालनं तोंड काढला तं मोकला व्हईल. नायतं शेड घेऊन जाईल."

मला माहीत होतं. दोन हिवाळे मी त्याच उताराखाली काढले होते. पायथ्याला हात लावायचा नाही, हे मला झोपेतही पाठ होतं. पण दोरीपलीकडे पाहुणे उभे होते, आमची हसणारी पोरं उभी होती. थोरल्या भावाला चारचौघांत शिकवायचं कसं? आणि त्याचा चेहरा. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तो चेहरा बाळूदादाचा दिसत होता. जेवता जेवता उठून बांधावर धावणाऱ्याचा.

मी म्हटलं, "चा पिऊन जा ना, दादा."

एवढंच म्हटलं मी.

"चा पळून जातो काय? फावडा दे."

मी दिलं.

फावड्याचा तिसरा घाव होता. एखादं मोठं जनावर श्वास सोडतं तसा आवाज झाला, वर एक बारीक रेघ उमटली आणि कोपरा खाली बसला. सगळा उतार नाही, एक कोपरा. पांढरी धूळ उडाली, घशात गेली. ती खाली बसली तेव्हा शेड आडवी झाली होती, आणि दादा काखेपर्यंत बर्फात होता. उभा. टोपी गेलेली, केसांत बर्फ, दोन्ही हात वर.

मी धावलो. त्याने मला बघितलं, स्वतःकडे बघितलं आणि हसला. "घे! झाली माझी लावनी. राबातनं उपटून आनलास तो आनलास, आता हितं लावलास पन!"

सगळेच हसले. मीही हसलो. वाटलं, पाच मिनिटांचं काम.

वरून प्रेमसिंगची शिट्टी आली. तो उतरून आला तेव्हा धापा टाकत होता, पण बोलला शांतपणे. वरचं अजून सगळं जागेवर होतं, भरलेलं, सुटं. जास्त माणसं, जास्त धक्के, तर तेही येईल. त्याने आणि मी, दोघांनीच खणायचं, बाकी सगळे झाडांपलीकडे. एका माणसाला शिट्टी देऊन त्याने लांब उभं केलं: डोळे वर, हललं की फुंक. आणि मला म्हणाला, "विष्णुभाई, धीरे."

पडताना पिठासारखा असलेला बर्फ थांबल्यावर सिमेंट होतो. फावडं घुसत नव्हतं. जोरात मारायचं नाही, कारण धक्का. जवळ मारायचं नाही, कारण त्याचे पाय. घास घास खरवडून काढायचा. वीस माणसं झाडांपलीकडे फावडी घेऊन उभी, आणि आम्ही दोघं चमच्याने विहीर उपसल्यासारखे.

पहिला तासभर दादा बोलत होता. "आरं मेल्या, जेवला नायस काय? जोर लाव जरा. तुज्या वैनीला आनला पायजे व्हता, आतापत्तूर घरी चूल पेटवून बसलो असतो." मग म्हणाला, "विष्ण्या, माझे पाय हायत काय रे?"

"हायत ना."

"मला लागत नायत."

पाहुण्यांतल्या डोंबिवलीच्या एक बाई सकाळी उतार बंद म्हणून माझ्यावर ओरडल्या होत्या. त्यांनी आपली गरम पाण्याची रबरी पिशवी भरून पाठवली. आम्ही ती दादाच्या छातीशी धरली. त्यांच्या शेजारच्या कोणीतरी विचारलं, "मग दुपारनंतर तरी उघडेल का?"

दुसऱ्या तासात दादा शेतीचं बोलायला लागला. वरच्या खाचरात पाणी कमी ठेव. कोपऱ्यातला बांध उंदरांनी पोखरलाय, तो आधी बघ. मी "हो दादा, हो दादा" करत खरवडत होतो. नंतर तो नुसता ओठ हलवत होता. सूर्य डोक्यावर आला होता, वरचा बर्फ ओला होऊ लागला होता, आणि प्रेमसिंगच्या कपाळावर मी पहिल्यांदा घाम बघितला. तरी त्याने वेग वाढवला नाही. मला वाटत होतं, ओरडावं, सगळ्यांना बोलवावं, काय व्हायचं ते होऊ दे. त्याने माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं आणि सोडलं. तीन तासांनी दादा बाहेर निघाला. एक रबरी बूट आतच राहिला.

पाय पांढरे होते. मेणाचे. मी चोळायला गेलो तर प्रेमसिंगने हात बाजूला केला. चोळायचं नाही, शेगडीजवळ न्यायचं नाही. कोमट पाण्यात ठेवायचे, आणि थांबायचं. पुन्हा थांबायचं! पाणी लागलं आणि जीव परत यायला लागला तेव्हा दादा असा ओरडला, की मला गावी पाड्यावर बैल तापलेल्या सळईने डागतात ते आठवलं. ओरडतोय म्हणजे चांगलं आहे, प्रेमसिंग म्हणाला.

रस्ता चार दिवस बंद होता. खालून बर्फ काढायचं यंत्र रोज थोडं थोडं वर येत होतं. त्याचा आवाज दरीतून यायचा, दुपारी बंद पडायचा. मी रोज दाराशी उभा राहून तो आवाज ऐकायचो. आत दादाच्या पायांना पाणी भरलेले मोठे फोड आले. मग बोटं जांभळी झाली, मग टोकांकडून काळी. तो ती चादरीखाली ठेवायचा आणि मी बाहेर गेलो की काढून बघायचा. दुसऱ्या दिवशी वैनीचा फोन लागला.

"ह्यांचा आवाज आसा का येतो? काय लपवताय दोघं?"

दादाने हाताने खूण केली. मी म्हटलं, "पाय मुरगाळलाय वैनी. आठ दिवसांत चालंल."

"चालूं द्या. आखाडाला माझ्या बरोबर खाचरात उबे ऱ्हायले पायजेत. मी येकटी नाय लावनी करनार, सांगा त्येना."

दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

रस्ता उघडल्यावर दादाला खालच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. मला वाटलं पोचल्या पोचल्या काही करतील. त्या म्हणाल्या, घाई करायची नाही. कुठपर्यंत जिवंत आहे आणि कुठपासून नाही, हे पायच सांगतील. आज कापलं तर वाचणारंही कापलं जाईल. सहा आठवडे लागले. मी आठवड्याला एकदा खाली जायचो. काळं आणि गोरं यांच्यामध्ये एक रेघ हळूहळू स्पष्ट होत गेली. आम्ही दोघं त्या रेघेकडे बघत बसायचो. आज पुढे गेली की मागे आली. डाव्या पायाची पाचही बोटं गेली. उजव्याची तीन. वाळून शेंगांसारखी झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाचा वाचल्या, नशीब. चालता येईल.

चालता येतं. डांबरी रस्त्यावर बघणाऱ्याला कळतही नाही. पण खाचराच्या चिखलात माणूस टाचेवर उभा राहत नाही. बोटं चिखलात रुतवून, जमीन धरून उभा राहतो. हे मला शेतात वाढूनही कधी कळलं नव्हतं. कुणालाच कळत नाही, बोटं असेपर्यंत.

गेल्या आषाढात मी लावणीला घरी गेलो होतो. पाऊस थांबला होता, समोर घाटावरून पांढरे धबधबे सुटले होते, आणि मला ते पांढरं बघवत नव्हतं. दादा खाचरात उतरला. दोन पावलं टाकली आणि बसला. उठला, पुन्हा पडला, या वेळी रोपांच्या मुठींवर. ओणवी राहून लावणी करणारी वैनी मान वर न करता म्हणाली, "पडा, पडा. समदा राब चिरडा, मंग लोकांच्या दारात जाऊ भात मागाया." बायका हसल्या. ती हसली नाही. पदराने तिने तोंड पुसलं, चिखलाचा पट्टा गालावर उमटला.

दादा रांगत बांधावर आला आणि पाय पाण्यात सोडून बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. दोन वर्षं मी प्रत्येक फोनला वाट बघत होतो की आज तो विचारेल, आज विचारेल. त्याने विचारलं नाही. पाऊस कसा आहे, प्रेमसिंग कसा आहे, एवढंच. मीही दोन वर्षं गप्प होतो. फावडं देताना मिनिटभर होतो, तसाच.

"दादा," मी म्हटलं, "त्या दिशी मला ठावं व्हता. खालनं खनायचा नसतो. प्रेमसिंगनं मला सांगितला व्हता."

तो पाण्याकडे बघत होता. बेडकं ओरडत होती. बायका खाचराच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या.

"तू थोरला," मी म्हटलं. "सगली बघत व्हती. मला वाटला, तुला वाईट वाटंल. आनि मी बोललो असतो तं तू आयकला असतास काय?"

त्याने खरंच विचार केला. घाई केली नाही.

"नाय," तो म्हणाला. "मी आयकला नसता."

मी श्वास सोडला.

"पन तू बोलाया पायजे व्हतास, विष्ण्या."

एवढं म्हणून तो बांधाचा आधार घेत उठला, आणि पुन्हा खाचरात उतरला.